सीमे बदनेकाई म्हणजे सीमेवरचं वांगं नव्हे

आमच्या घरात भाजी आणायचं काम कायम आईचं. माझं वय ४२, आणि एवढ्या वर्षांत मी स्वतःच्या अकलेनं विकत घेतलेल्या भाज्या मोजायच्या म्हटलं तर कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर आणि एकदा हौसेनं ब्रोकोली. ती घरात कुणी खाल्ली नाही, शेवटी गल्लीतल्या गाईपुढं टाकली तर तिनंही वास घेऊन तोंड फिरवलं.

मार्चमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनी सांगितलं तीन महिने गर्दी नको, जास्त चालणं नको, हातात पिशवी तर अजिबात नको, आणि शनिवारचा बाजार माझ्या गळ्यात पडला. बायकोची नोकरी धारवाडला, ती शनिवारी दुपारी घरी पोचते, त्यामुळं तिच्यावर ढकलायची पण सोय नाही. लेकीला उन्हाळ्याची सुट्टी खरं ती सकाळी साडेनऊशिवाय उठत नाही.

बेळगावात शनिवारी बाजारात फिरलेल्यांना सांगायला नको. गणपत गल्लीच्या त्या गर्दीत कडेकडेनं खेड्यातल्या बायका पोती पसरून बसलेल्या असतात, कडोलीच्या, काकतीच्या, हलग्याच्या, मुतग्याच्या, कुणी बेळगुंदीकडनं आलेल्या. आईचा नियम ठरलेला, भाजी घ्यायची तर पोत्यावरची घ्यायची, गाळ्यावरची नाही. गाळेवाल्याची भाजी आधी यार्डात लोळून आलेली असते, पोत्यावरच्या बाईनं पहाटे स्वतः तोडून बुट्टीत भरलेली असते. तरी निवडक माल रात्रीच चोर्ला घाटातनं गोव्याला गेलेला असतोय हे बेळगावकरांचं जुनं दुखणं, त्यावर मी आज लिहीत नाही.

पहिल्या शनिवारी आईनं चिठ्ठी लिहून दिली. गवार, दोडका, तोंडली, भेंडी, लिंबं. आणलं. दुसऱ्या शनिवारी परत चिठ्ठी. गवार, दोडका, तोंडली, भेंडी, दुधी. लेक म्हणाली बाबा, आपल्या घरात वर्षभर ह्याच भाज्या फिरून फिरून येतात, डब्याचं टाईमटेबल मला पाठ आहे. मला पण ते पटलं. मग मी जाहीर करून टाकलं की दर शनिवारी चिठ्ठीतल्या भाज्या तर आणणारच, वर एक अशी आणणार जी आपल्या घरात कधी शिजली नाही.

आई म्हणाली, "आण की. खरं विकणारीला तिची खोड विचारून आण."

"कुणाची खोड?"

"भाजीची रे. प्रत्येक भाजीला एक खोड असतीय. कुठली खाजतीय, कुठली कडू निघतीय, कुठलीला चीक, कुठली पाणी सोडतीय. ती विचारून घेतलीस की पुढचं फोडणीचं मी बघते."

आता तिसरा शनिवार. एका बाईच्या पोत्यावर मिरच्यांच्या बाजूला पोपटी रंगाची काहीतरी फळं, मोठ्या पेरूएवढी, वर निमुळती आणि खाली सुरकुतून आत ओढलेली, म्हाताऱ्या माणसानं कवळी काढून तोंड मिटावं तशी. विचारलं, "मावशी, हे काय हो?"

"सीमे बदनेकाई."

बदनेकाई म्हणजे वांगं एवढं कन्नड मला येतंय. म्हटलं, हे कसलं वांगं?

"अदु बदनेकाई अल्लरी," म्हणजे ते वांगं नव्हे, बाई मी जरा मंद आहे असं समजून हळूहळू बोलायला लागली, "सी-मे बदनेकाई."

आता बघा, आम्ही जन्मलो सीमाभागात, वाढलो सीमाप्रश्नात, शाळेत असताना सीमालढ्याच्या सभांना काकांच्या खांद्यावर बसून गेलो. आमच्या कानावर सीमा म्हणून काही पडलं की दुसरा अर्थ डोक्यात येतच नाही. मला वाटलं सीमेवरचं वांगं. म्हणजे आपल्याच इकडचं, निप्पाणी नाहीतर चंदगड बाजूचं काहीतरी असणार, आणि आपल्याच मातीतली भाजी आपल्याला माहीत नाही याची मला तिथं उभ्या उभ्या लाज पण वाटली. वीस रुपयाला तीन घेतली. कसं करायचं विचारलं तर बाई म्हणाली, सिप्पी तगीरी, सण्ण हेच्चरी, कडलीब्याळी हाकरी, नीर भाळ हाकब्याडरी. साल काढा, बारीक चिरा, हरभऱ्याची डाळ घाला, पाणी जास्त घालू नका. एवढं सोपं.

घरी येऊन सोलायला बसलो. दोन सोलून होईपर्यंत दोन्ही तळव्यांवर फेविकॉल वाळल्यासारखं झालं. कातडी ओढल्यागत, मूठ मिटेना. साबणानं तीनदा धुतलं तरी तसंच. मग फोनवर शोधलं तेव्हा कळलं की ह्याला कच्चं असताना चिकट रस असतोय, तो हाताला लागून वाळला की असं होतंय, म्हणून नळाखाली धरून सोलायचं नाहीतर हाताला आधी तेल लावायचं. बाईनं हे का सांगितलं नाही? तर तिच्या हाताला ते कळतच नसणार. तिचे हात बघितले होते मी, पैसे देताना. आई खुर्चीवरनं म्हणाली, "खोड विचारलास?" मी म्हटलं, पाणी कमी घालायचं म्हणाली. "ती खोड नव्हे, ती कृती."

तर कृती. हरभऱ्याची डाळ तासभर भिजवलेली मूठभर. तेलात मोहरी, थोडी उडदाची डाळ लाल होईपर्यंत, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, हिंग, हळद. त्यात डाळ आणि चिरलेल्या फोडी, मीठ, आणि वर झाकण ठेवून झाकणावर पाणी. बारीक गॅसवर पंधरा मिनिटं. मधे एक चपटी पांढरी बी असते ती फेकायची नाही, कोवळी असली तर तीच त्यातला सगळ्यात चांगला घास, बदामाच्या आसपासची चव. शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. झालं.

लेक म्हणाली दुधीसारखं लागतंय खरं दुधी नाही. आईनं एक घास घेऊन बराच वेळ चावला आणि म्हणाली, "पाण्याला आकार दिल्यागत आहे." मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला विचाराल तर ह्या भाजीला स्वतःचं मत नाही, तुम्ही जे घालाल त्याची ती होते, आणि उन्हाळ्यात दुपारी कधीकधी अशी बिनमताची भाजीच बरी वाटते. फोडी शिजूनसुद्धा मोडत नाहीत हा दुधीपेक्षा मोठा गुण. नंतर वाचलं की हे मूळचं मेक्सिकोकडचं आहे, वेलीवर येतं, काकडी-दुधीच्या खानदानातलं, वांग्याशी काडीचा संबंध नाही. म्हणजे माझं सीमेवरचं, आपल्या मातीतलं वगैरे तिथंच संपलं. मग त्याला सीमेचं का म्हणायचं? बाईला पुढच्या शनिवारी विचारलं तर ती म्हणाली, हेसरु हंग ऐतरी. नाव तसंच आहे. एक फळ उरलं होतं ते फ्रीजवर ठेवलं आणि विसरलो.

पुढचे दोन शनिवार मी बाजारातनं एकदम अनोळखी म्हणून जे आणलं ते घरी येऊन ओळखीचं निघालं. तुप्पद हीरेकाई म्हणून घेतलं, शब्दशः तुपाचा दोडका, मला वाटलं काहीतरी राजेशाही प्रकार. पिशवीतनं काढल्याबरोबर आई म्हणाली, अरे हे पारोसं! म्हणजे घोसाळं. आता एकाच वेलीचं एकच फळ, कन्नड माणसानं त्याचा गर बघितला आणि म्हणाला तूप, आमच्या पूर्वजांनी काय बघितलं कुणास ठाऊक, म्हणाले हा आंघोळ न केलेला. मी हा विषय शेजारच्या अक्कांना सांगितला तर त्या पाच मिनिटं हसत होत्या. असो, घोसाळ्याची करायची ती भजीच. गोल चकत्या, बेसनात थोडी तांदळाची पिठी, ओवा, आणि तेल चांगलं तापलेलं. भाजी केली तर शिजून एवढीशी होते, चार माणसांत पुरत नाही.

आणि पुंडी. ती तर अंबाडी निघाली. आई तिच्यात ज्वारीच्या कण्या, तूरडाळ आणि शेंगदाणे घालून शिजवते, वर लसणाची फोडणी घालायची ती कंजुषी न करता, कारण पालेभाजीत आंबटपणाला दाबणारं काही असेल तर तेल आणि लसूणच. भाकरीबरोबर. अक्कांच्या घरी पुंडी पल्ले म्हणून जवळपास हेच होतं. अशा वेळी वाटतं की आम्ही एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून वर्षानुवर्षं एकच भाजी दोन नावांनी खातोय.

आता माझ्या फजितीवर येतो.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. बेळगावला एकेकाळी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, आता म्हणणाऱ्याला एप्रिलमध्ये दुपारी आमच्या गच्चीवर बसवावं. त्या शनिवारी मला उशीर झाला, दहा वाजून गेलेले, ऊन टाळूवर, पोत्यावरच्या निम्म्या बायका उठून गेलेल्या. एका टेम्पोत पिवळीधमक फळं, त्यावर केशरी-हिरवे पट्टे, वजनाला भरलेली, बघूनच गार वाटावं अशी. टेम्पोवाला फोनवर बोलत होता. मी काही विचारलं नाही, दोन घेतली, पैसे दिले, निघालो. मला वाटलं खरबूज. कुणालाही वाटलं असतं, मी अजून तेच म्हणतो.

घरी येऊन चिरलं, बिया काढल्या, फोडी केल्या, वर साखर पेरली, चिमूटभर वेलदोडा, आणि मोठ्या काचेच्या भांड्यात घालून फ्रीजमध्ये. दुपारी लेकीच्या तीन मैत्रिणी आल्या होत्या, सगळ्यांना वाट्या दिल्या. चारी पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. एक बिचारी भिडेखातर दुसरी फोड उचलत होती. लेक म्हणाली, "बाबा, ही काकडी आहे."

आई एवढी हसली की गुडघा धरून बसली. भिंतीपलीकडनं अक्कांनी विचारलं काय झालं, मी वाटी दाखवली. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मोठे केले. "मंगळूर सौतेकाई! सक्करी हाकिदेनपा?" साखर घातलास काय रे?

अक्कांचं माहेर शिरसीकडचं, लग्न होऊन बेळगावात आल्याला ४० वर्षं झाली खरं सौतेकाई बघितली की त्यांचा आवाज बदलतो. त्यांनीच मग सगळं सांगितलं. ही पिकल्यावर काढायची काकडी. साल जाड, त्यामुळं टिकाऊ. किनारपट्टीच्या घरांत ही फळं दोरीनं बांधून माळ्याच्या वाशांना ओळीनं टांगून ठेवतात, फ्रीज नको काही नको, कित्येक महिने राहतात, आणि पावसाळ्यात बाहेर भाजी मिळेना झाली की एकेक उतरवायची. त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात झोपताना वर बघितलं की पिवळी फळं लटकलेली दिसायची म्हणे, आणि किती उरली ते मोजत झोप लागायची.

साखर लागलेल्या फोडी चाळणीत घालून धुतल्या आणि त्याची हुळी केली, म्हणजे आमच्या भाषेत आंबट आमटी. तूरडाळ शिजवून घ्यायची. सौतेकाईच्या फोडी सालीसकट, मोठ्या, थोड्या पाण्यात हळद-मीठ घालून वेगळ्या शिजवायच्या, साल मऊ झाली की डाळ, चिंचेचा कोळ, गूळ. वाटण म्हणजे ओलं खोबरं, धणे, थोडी मेथी, उडदाची डाळ आणि ब्याडगी मिरच्या, हे सगळं खोबरं सोडून तेलावर भाजून मग खोबऱ्याबरोबर वाटायचं. एक उकळी. वर मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी खोबरेल तेलाची. इथं आमच्या घरात थोडा वाद झाला, आई खोबरेल तेल केसाला लावते, आमटीला नाही. शेवटी निम्म्या आमटीला एक फोडणी आणि निम्म्याला दुसरी. गुळाचं प्रमाण अक्कांनी स्वतः कमी केलं, म्हणाल्या साखर आधीच पोचली आहे.

खोबरेलवाली जास्त चांगली झाली होती. हे मी आईला सांगितलेलं नाही.

ह्या निमित्तानं एक गोष्ट मात्र सिरियसली लिहितो. मी फोडी चिरून सरळ साखर घातली, चाखून बघितलं नाही, यावर आई आणि अक्का दोघी एकाच वेळी मला बोलल्या, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. काकडी, दोडका, दुधी, घोसाळं, सौतेकाई, हे सगळं एकाच गोत्रातलं, आणि ह्यातलं काहीही चिरलं की आधी एक कच्चा तुकडा जिभेवर ठेवायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि ते फळ टाकून द्यायचं. थोडं कडू आहे, गूळ घालू, शिजवल्यावर जाईल, असलं चालत नाही. ते कडूपण ककुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचं असतं आणि ती शिजवून जात नाहीत. जास्त गेलं पोटात तर उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, आणि कडू दुधीचा रस औषध म्हणून नाक दाबून पिऊन माणसं दगावलेली आहेत. वेलीला पाण्याचा ताण पडला, ऊन जास्त झालं की फळ कडू निघायची शक्यता वाढते, म्हणून उन्हाळ्यात तर चाखल्याशिवाय पुढं जाऊच नका. कारलं यात धरायचं नाही, कडू असणं हा त्याचा धर्मच आहे.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केळफूल आणलं. आईला ते अनोळखी नव्हतं, मला होतं. म्हणजे खाल्लंय, पण करताना कधी बघितलं नव्हतं, आणि आता कळलं की आई ते वर्षातनं एकदाच का करायची.

वरची जांभळी पानं एकेक काढायची. प्रत्येक पानाखाली पिवळसर फुलांची एक रांग, आगकाड्या ओळीनं लावून ठेवल्यासारखी. आता त्या प्रत्येक फुलातनं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, दोन गोष्टी काढायच्या. एक मधली ताठ काडी, जिच्या टोकाला चिकट गोळा असतो, आणि एक बुडाशी असलेला पारदर्शक पापुद्रा, प्लॅस्टिकच्या बारक्या नखासारखा. ह्या दोन गोष्टी कितीही शिजवा, शिजत नाहीत, आणि जेवताना दातात येतात. फूल बोटांनी जरा चोळलं की पाकळ्या उघडतात आणि काडी वर येते, ती चिमटीत धरून ओढायची. पहिल्या वीस फुलांना मला दहा मिनिटं लागली. शंभराव्या फुलाला हात आपोआप चालायला लागला. हाताला आणि विळीला तेल लावलेलं, तरी बोटांची टोकं काळी झाली ती सोमवारपर्यंत ऑफिसात लपवत होतो. चिरलेलं लगेच ताकाच्या पाण्यात टाकायचं, उघडं राहिलं तर हवा लागून बघता बघता काळं पडतं, आणि तुरटपणा पण ताकात उतरतो. आत जाईल तसं फुलं बारीक होत जातात, मग एक वेळ येते की पांढरा कोवळा गाभा उरतो, तो तसाच बारीक चिरायचा.

दुपारी धारवाडहून आलेली बायको पर्स बाजूला टाकून थेट आमच्यात बसली. आई खुर्चीवर, लेक खाली, मी, बायको, मधे पेपर पसरलेला. टीव्ही चालू होता खरं कुणी बघत नव्हतं. आई तिच्या माहेरचं सांगायला लागली, खानापूरकडं, परड्यात केळी, आणि केळफूल सोलायचं म्हटलं की पोरं त्या जांभळ्या पानांसाठी टपून बसायची, कारण ती होडीसारखी असतात, पाटाच्या पाण्यात सोडली की लांबपर्यंत जातात. लेकीनं हे ऐकलं आणि पानं उचलून बाथरूममधल्या बादलीत सोडून बघितली. खरंच तरंगतात, छान, थोडी डुलत. तेराची पोरगी, इन्स्टावर रील करणारी, अर्धा तास बादलीपाशी बसली होती.

रात्रभर ताकात ठेवून सकाळी पिळून घेतलं, भिजवलेले हरभरे घालून कुकरला लावलं, मग फोडणी, तिखट, गूळ, खोबरं. चार माणसांनी तास-दीड तास खपून प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन चमचे भाजी आली. छान होती. खरं नुसत्या चवीचा हिशोब केला तर परवडत नाही, केळफूल ही भाजी नाही, बैठक आहे. एकट्यानं राहणाऱ्यानं घेऊ नये.

आणि मग फणस.

खानापूरकडनं सकाळच्या गाडीनं आलेली एक म्हातारी, पुढ्यात चार-पाच कुयऱ्या, मोठ्या नारळाएवढ्या, काटे अजून मऊ. ही मराठी बोलणारी. म्हणाली, "चीक भारी असतोय बाळा, तेल लावून चिर." ऐकलं. पाठ करत घरी आलो, खोड विचारून आलोय म्हणून आईला छाती फुगवून सांगितलं. दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेल चोपडलं, आणि सुरी तशीच कोरडी घेतली.

पहिल्याच कापाला पांढरा चीक असा आला की जणू आत कुणी दुधाची पिशवी ठेवली होती. सुरी अर्ध्यात अडकली. ती ओढायला गेलो तर कुयरी ओट्याला चिकटली. ओटा पुसायला गेलो तर फडकं ओट्याला चिकटलं. नळाला हात लावला, नळ चिकट. पाण्यानं आणि साबणानं तो चीक जात नाही, उलट गोळा होऊन च्युइंगमसारखा ताणायला लागतो. आई बाहेरनं विचारते, "काय करूलालास रे आत?" मी म्हटलं काही नाही, आणि तेवढ्यात चांगला टॉवेल घेतला. तो टॉवेल आता गाडी पुसायला आहे.

खिडकीतनं अक्कांनी बघितलं. "तम्मा, सीमे एण्णे हच्चपा!"

"काय एण्णे?"

"सीमे एण्णे. चिमणी एण्णे पा!"

मी चिकट हात वर धरून तसाच उभा. चिमणीचं तेल. रॉकेल! सीमे एण्णे म्हणजे रॉकेल. म्हटलं अक्का, रॉकेलला सीमेचं का म्हणायचं? त्या म्हणाल्या, अरे सीमे म्हणजे लांबच्या मुलखातलं, परदेशातलं. खडूला सीमे सुण्ण म्हणतात, साहेबाचा चुना. मग बदनेकाई? ते पण तसंच, बाहेरनं आलेलं वांगं.

म्हणजे विलायती वांगं! आम्ही विलायती चिंच म्हणतो तसं. दीड महिना मी ज्याला सीमेवरचं समजत होतो ते सीमेपलीकडनं, सातासमुद्रापलीकडनं आलेलं म्हणून सीमेचं. आईला ओरडून सांगितलं. ती म्हणाली आधी नळ सोडव.

रॉकेल आता कुणाच्या घरात आहे, रेशनचं बंद झाल्याला जमाना झाला. शेवटी खोबरेल तेलानं काम झालं. चीक पाण्यात विरघळत नाही, तेलात सुटतो, म्हणून तेल चोळायचं, रद्दी पेपरनं पुसायचं, परत तेल, परत पेपर, आणि सगळ्यात शेवटी बेसन लावून साबण. हा उद्योग भाजीपेक्षा जास्त वेळ चालला. तर ज्यांना करायची असेल त्यांनी हात, सुरी, ओटा, तिन्हीला आधी तेल लावा आणि खाली जाड पेपर घ्या. चकत्या करून बाहेरची काटेरी साल आणि मधला कडक दांडा काढायचा, फोडी हळदीच्या पाण्यात, कुकरला दोन शिट्ट्या, मग हातानं मोडायच्या, चमच्यानं नाही, म्हणजे रेषा रेषा सुटतात. कोवळ्या बिया आत राहू द्यायच्या.

यंदाचं तिखट नुकतंच डंकावर कांडून आणलेलं, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी झणझणीतपणाला, घरभर अजून त्याचा वास होता. भरपूर कांदा, ते तिखट, भिजवलेले काळे वाटाणे, सुकं खोबरं भाजून, आणि भाकरी. लेकीनं एक घास खाल्ला आणि विचारलं, आज शनिवार आहे ना, मग मटण कसं?

दुपारी चारला आभाळ भरून आलं, वळीव झाला, गारा पडल्या, लाईट गेली. कपडे काढायला सगळे गच्चीवर पळालो, आई खाली एकटी. लाईट नाही म्हणून फ्रीज बंद, आणि तिला त्या शांततेत काय वाटलं कुणास ठाऊक, काठी टेकत फ्रीजपाशी गेली आणि वर हात घालून काढलं ते माझं विसरलेलं तिसरं सीमे बदनेकाई. त्या मिटलेल्या बोळक्या तोंडातनं बोटभर लांब हिरवा कोंब बाहेर आलेला, टोकाला दोन पानं आणि एक बारीक तणावा, स्प्रिंगसारखा वळलेला. ह्याची बी वेगळी काढून वाळवून ठेवत नाहीत, अख्खं फळच लावतात, हे मी वाचलं होतं, बघितलं नव्हतं.

बादली फुटकी होती एक, तिच्यात माती घालून, फळ आडवं ठेवून, कोंब वर, अर्धं पुरलं. आता वीसेक दिवस झाले, वेल सुतळीवरनं चढून कंपाऊंडच्या भिंतीच्या टोकाला पोचलाय. आई रोज सकाळी त्याला पाणी घालते आणि अजून सीमेवरचंच म्हणते, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. परवा अक्का पलीकडनं बघत होत्या, म्हटलं अक्का, अडचण होत असेल तर इकडं वळवून घेतो. त्या म्हणाल्या राहू दे की, येऊ दे इकडं, खरं आमच्या बाजूला लागतील ती आमची.